गच्चीवरचा सोलर भंगारात देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि पुणे-नाशिकपासून नागपूरपर्यंत गच्च्यांवर वीज तयार करणारी पॅनेल दिसू लागली. हे चांगलेच झाले. पण या पॅनेलांना जागा करून देण्यासाठी पाणी तापवणारे जुने सोलर उतरवण्याचे ठराव गृहसंस्थांमध्ये होत आहेत, आणि त्यांना कारण एकच दिले जाते: ‘तसेही सोलरचे गरम पाणी येत नाही.’ हे पत्र त्या कारणाबद्दल आहे. पाणी गरम येत नाही याचा अर्थ सोलर पाणी तापवत नाही, असा नव्हे. बऱ्याच इमारतींत गच्चीवरच्या टाकीत साठ अंशांचे पाणी तयार असते. ते नळापर्यंत पोहोचताना थंड होते किंवा वाटेत थंड पाण्यात मिसळते. दोष नळजोडणीत असतो आणि शिक्षा सोलरला होते.

आधी थोडा हिशेब. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास ऊर्जा लागते. साधन कोणतेही असो, यात सूट नाही. हिवाळ्यात वीस अंशांचे पाणी चाळीसवर नेऊन एक बादली (२० लिटर) भरायची तर जवळजवळ अर्धे युनिट लागते. चौघांच्या चार बादल्यांना दोन युनिट. शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडत असेल आणि आंघोळ दहा मिनिटे चालत असेल, तर माणशी ८० लिटर, म्हणजे चौघांची साडेसात युनिट रोज आणि महिन्याला सव्वादोनशेच्या घरात. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांपाशी दर चढतात. ही सव्वादोनशे युनिट नेमकी वरच्या, महाग टप्प्यांत जाऊन बसतात.

आता गच्चीचा हिशेब. १०० लिटरच्या सोलरला सपाट काचेच्या संग्राहकाचे (ऊन झेलून पाणी तापवणाऱ्या भागाचे) २ चौरस मीटर क्षेत्र लागते. टाकी आणि वावरायला जागा धरली तर साडेतीन-चार. स्वच्छ उन्हाच्या हिवाळी दिवशी तो हे १०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर नेतो. ही उष्णता साडेचार युनिटांहून जास्त भरते. एक किलोवॅटच्या वीज-पॅनेलांना सावली चुकवून सुमारे १० चौरस मीटर गच्ची लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारच्या आसपास युनिट मिळतात. म्हणजे सोलर काढून त्या जागी पॅनेल लावायची आणि त्यांच्या विजेवर गीझर चालवायचा, तर तेवढ्याच गरम पाण्याला दुपटीहून जास्त गच्ची जाते. पॅनेलची बाजूही खरी आहे. मे महिन्यात गरम पाणी कोणालाच नको असते, पॅनेलची वीज मात्र नेट मीटरिंगमुळे (जास्तीची वीज महावितरणला देऊन बिलात वळती करण्याच्या सोयीमुळे) ३१ मार्चच्या वार्षिक हिशेबापर्यंत खात्यात जमा राहते. म्हणूनच जिथे जागा आहे तिथे दोन्ही हवेत. चालू सोलर उतरवून पॅनेल बसवणे हा तोट्याचा सौदा आहे.

सोलर खरोखर बिघडला आहे का, हे पाहायला शंभर रुपयांचा थर्मामीटर आणि एक सुटी पुरते. ढग नसलेल्या दिवशी दुपारी चार-साडेचारला सोलरच्या टाकीच्या आउटलेटपाशी बादलीभर पाणी काढून तापमान मोजा. ५५ ते ६० अंश मिळाले तर संग्राहक आणि टाकी ठणठणीत आहेत. मग संध्याकाळी कोणालाही गरम पाणी वापरू देऊ नका आणि पहाटे तिथेच पुन्हा मोजा. पफचा (उष्णता धरून ठेवणाऱ्या फोमचा) चांगला थर असलेल्या टाकीत रात्रीतून पाच-सात अंशांची घट समजण्यासारखी आहे. पंधरा-वीस अंश गेले तर सहसा दोन शक्यता: पफमध्ये पाणी शिरून तो भिजला आहे, किंवा रात्रभर कुठून तरी थंड पाणी गरम नळात घुसते आहे.

ही दुसरी शक्यताच खरा चोर असते, आणि तो सहसा एखाद्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये सापडतो. मिक्सरचे गरम आणि थंड असे दोन्ही कॉक उघडे ठेवून फक्त हँड शॉवरचे बटण सोडले की पाणी थांबल्यासारखे वाटते, पण आत दोन्ही नळ एकमेकांना जोडलेले राहतात. ज्या बाजूचा दाब जास्त ती दुसरीत घुसते. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या थंड पाण्याला प्रेशर पंप लावलेला असेल आणि सोलरचे पाणी नुसत्या उंचीच्या दाबाने येत असेल, तर थंड पाणीच जिंकते आणि सगळ्या मजल्यांच्या गरम नळात पसरते. गीझर आणि सोलर एकाच नळाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हशिवाय (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेशिवाय) जोडले, वॉशिंग मशिनला दोन्ही जोडण्या दिल्या, की हेच होते. एका घरातल्या चुकीने वीस घरे थंड पाण्याने आंघोळ करतात आणि कोणाला कळतही नाही.

हा चोर पकडायची रीत सोपी आहे. सोलरच्या टाकीला थंड पाणी देणारा कॉक बंद करा. सर्वांत खालच्या मजल्यावरचा गरम नळ उघडा. नळात साठलेले दहा-पंधरा लिटर पाणी येईल आणि थांबेल, कारण टाकीचा आउटलेट वरच्या बाजूला असतो आणि खालून भर नसेल तर तिच्यातले पाणी उतरत नाही. पाणी थांबलेच नाही, तर ते थंड लाइनमधून येते आहे, हे नक्की. आता एकेका फ्लॅटचा गरम पाण्याचा कॉक बंद करत जा. ज्या घरापाशी धार तुटेल तिथे दोष आहे. उपाय म्हणजे प्रत्येक फ्लॅटच्या गरम आणि थंड अशा दोन्ही जोडांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि दोन्ही लाइनना सारखा दाब. थंड पाण्याला पंप असेल तर गरम पाण्यालाही, सोलरच्या टाकीनंतर, पंप लागतो. साध्या सोलरच्या टाकीत पंपाचा दाब सोडू नका. ती दाबासाठी बनवलेली नसते.

टाकीपाशी गरम, पहाटेही गरम, आणि तरी खालच्या मजल्यावर सुरुवातीची अर्धी-पाऊण बादली थंड, असे असेल तर लांबी नडते आहे. गरम पाण्यासाठी वापरतात त्या एक इंची सीपीव्हीसी (प्लॅस्टिकच्या) पाइपात मीटरला साधारण ०.४ लिटर पाणी मावते. तीस मीटरच्या उभ्या लाइनमध्ये बारा लिटर पाणी रात्रभर थंड झालेले असते आणि ते सांडल्याशिवाय गरम पाणी येत नाही. उघड्या पाइपांवर किमान १३ मिलिमीटर जाडीचा काळा नायट्राइल फोम चढवायचा आणि त्याला उन्हापासून वाचवणारे आवरण द्यायचे. नुसता फोम दोन उन्हाळ्यांत भुसभुशीत होतो. उंच इमारतीत परतीचा पाइप टाकून छोटा फिरता पंप पहाटे साडेपाच ते आठ टायमरवर चालवला तर पाणी सांडणे थांबते. सकाळी आठनंतर पाणी थंड होते, ही तक्रार मात्र वेगळी: तिथे क्षमता कमी पडते. १०० लिटर साठ अंशांच्या पाण्यात तेवढेच थंड पाणी मिसळले की चाळीस अंशांच्या दहा बादल्या होतात, शॉवर मात्र अडीचच. संस्थेने हे आकडे फलकावर लावले तरी निम्मी भांडणे मिटतील.

टाकीपाशीच पाणी कोमट असेल तर संग्राहकाकडे वळावे. आधी धूळ. आजूबाजूला बांधकाम चालू असेल तर दर पंधरवड्याला काचा धुवाव्या लागतात. भर उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नये, सकाळी सात-आठच्या आत उरकावे. ट्यूबच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या, सोलरमध्ये प्रत्येक नळीचे खालचे टोक प्लॅस्टिकच्या कपात बसवलेले असते. ते वर घेऊन पाहा: आतून आरशासारखा चंदेरी लेप दिसला तर नळी ठीक आहे. तो बेरियमचा असतो, आणि नळीतला निर्वात गेला की पांढरा पडतो. पांढरी नळी उष्णता धरत नाही, ती बदलायचीच. बदलताना टाकी रिकामी करावी, रबरी रिंगेला साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावले की रबर फुगते आणि काही महिन्यांत गळती लागते. सपाट संग्राहकात हे दुखणे नाही. तिथे आतल्या तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने बुजतात. दुपारी वरच्या बाजूचा टाकीकडे जाणारा पाइप चटका बसेल इतका तापलेला हवा. संग्राहक तापला आहे आणि हा पाइप गार आहे, तर आत क्षार तरी आहे किंवा हवा अडकली आहे.

क्षाराबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. मराठवाडा, सोलापूर, नगरच्या बोअरच्या पाण्यात आणि पुण्याच्या उपनगरांत येणाऱ्या टँकरच्या पाण्यात कठीणपणा मोठा असतो. पाणी साठ अंशांपलीकडे गेले की कॅल्शियमचे क्षार झपाट्याने सुटतात आणि तांब्याच्या नळीत पांढरा खडू बसत जातो. अशा ठिकाणी सपाट संग्राहक घ्यायचाच तर हीट एक्स्चेंजर असलेला (ज्यात वापरायचे पाणी संग्राहकाच्या नळ्यांत जातच नाही असा) घ्यावा, नाहीतर रुंद काचेच्या नळ्यांचा सोलर बरा. तोही खाली साचणाऱ्या गाळातून सुटत नाही. महिन्यातून एकदा तळाचा ड्रेन कॉक उघडून गढूळ पाणी काढून टाकावे आणि पाण्याच्या प्रतीप्रमाणे वर्षा-दोन वर्षांनी सौम्य आम्लाने सफाई करून घ्यावी. टाकीतला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड त्याच वेळी पाहावा. तो झिजण्यासाठीच असतो आणि तो संपला की पुढे टाकी झिजते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर, पाणी खारट असेल तर साध्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला वेल्डपाशी बारीक भोके पडतात. तिथे आतून काचलेपाची टाकी मागून घ्या.

दोन चुका अशा आहेत की त्या चांगला सोलर एका दिवसात मोडतात. पहिली एअर व्हेंटची. टाकीच्या माथ्यावरचा हा उभा उघडा पाइप थंड पाण्याच्या टाकीच्या सर्वांत वरच्या पातळीहून उंच असावा लागतो. तो ठेंगणा ठेवला की त्यातून पाणी सांडते, मग कोणीतरी त्याला टोपी ठोकतो. पुढे वाफ कोंडून टाकी फुगते, नाहीतर पाणी ओढले गेले की चेपते. व्हेंट बंद करायचा नाही, वाढवायचा. दुसरी चूक पाणीकपातीच्या दिवशीची. टाकी कोरडी पडली की उन्हात नळ्या दोनशे अंशांच्या आसपास तापू शकतात, आणि दुपारी टँकर आला की थंड पाणी त्यांच्यात शिरून काच तडकते. सोलरला पाणी देणारा आउटलेट गच्चीवरच्या टाकीत इतर आउटलेटांहून खाली घ्यावा, म्हणजे घरातले पाणी आधी संपेल, सोलरचे राहील. जमत असेल तर सोलरइतक्याच क्षमतेची वेगळी छोटी टाकी द्यावी. रिकाम्या पडलेल्या सोलरमध्ये पाणी भरायचे ते सूर्य उगवण्यापूर्वी किंवा रात्री.

पावसाळ्यासाठी बरेच जण सोलरच्या टाकीतच विजेची कॉइल बसवून घेतात. ती एका बादलीसाठी दोनशे लिटर पाणी तापवते. त्याऐवजी सोलरचे पाणी बाथरूममधल्या साठवणीच्या गीझरच्या इनलेटला द्यावे आणि थर्मोस्टॅट ४५ अंशांवर ठेवावा. पाणी पन्नासचे आले तर गीझर चालूच होत नाही. तीसचे आले तर वरचे पंधरा अंश तेवढे भरून काढतो. गीझर किती तापलेले पाणी इनलेटला घेऊ शकतो हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे आणि तीन कॉकांचा बायपास (गीझर वगळून पाणी थेट नळाला नेणारी वाट) ठेवावा, कारण एप्रिल-मेमध्ये सोलरचे पाणी ऐंशीपर्यंत जाते. त्या दिवसांत निम्म्या नळ्या कापडाने झाकाव्यात. क्षार कमी बसतो, आणि लहान मुले व वयस्कर माणसे भाजण्याचा धोका टळतो.

ज्यांच्या गच्चीवर सावली आहे किंवा जे वीस मजली इमारतीत खाली राहतात, त्यांना सोलरचा आग्रह करण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी हीट पंप आहे. तो हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, म्हणून एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. २०० लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला गीझरला आठ युनिट लागतात, हीट पंपाला पावणेतीन. आपल्याकडचा हिवाळा त्याला मानवतो. हवा गोठणबिंदूच्या जवळ गेली की त्याची कामगिरी घसरते, ती वेळ इथे क्वचितच येते. पण तो बंदिस्त कोनाड्यात बसवला तर स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढतो आणि वीज खातो. मोकळी हवा, थेंब थेंब पाण्याला निचरा आणि भरलेल्या टाकीचे अडीचशे-तीनशे किलो वजन पेलणारी जागा, एवढे आधी पाहावे. गच्चीवर वीज-पॅनेल असतील तर तो दुपारी चालवावा. संस्थेकडे जुन्या सोलरची टाकी चांगली असेल तर हीट पंप तिलाच जोडता येतो. पावसाळ्याचा प्रश्न त्याने सुटतो.

गीझरच घ्यायचा असेल तर बीईईचे (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) तारे काय सांगतात ते समजून घ्यावे. पाणी तापवण्यात साठवणीचे सगळे गीझर जवळपास सारखेच. तारे मोजतात ते तापलेले पाणी नुसते ठेवले असता वाया जाणारी उष्णता. सकाळी अर्धा तास लावून बंद करणाऱ्या घराला पाच ताऱ्यांचा फायदा थोडा, दिवसभर चालू ठेवणाऱ्याला मोठा. इन्स्टंट गीझर वीज ‘वाचवतो’ हा समजही तपासून पाहावा. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर वीस अंशांनी तापवलेले पाणी मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो, बादलीला नऊ मिनिटे लागतात आणि युनिट तेवढेच पडते. त्याला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचे सॉकेट, खरे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवेच. साठवणीच्या गीझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात, ते पडू द्यावेत. तो व्हॉल्व्ह बंद करणे जिवावर बेतू शकते.

गॅस गीझरचा खर्च कमी वाटतो आणि हिशेबाने तो असतोही: १४.२ किलोच्या सिलिंडरमधून सुमारे दीडशे युनिटांइतकी उपयोगी उष्णता मिळते. पण तो बाथरूमच्या आत लावणे म्हणजे मरणाला बोलावणे आहे. दार बंद असलेल्या छोट्या खोलीत प्राणवायू कमी पडला की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला ना रंग ना वास. डोके जड होईपर्यंत कळत नाही आणि तेव्हा दार उघडण्याचे त्राण उरत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या छापल्या जातात. छोटी खिडकी पुरेशी नाही. गीझर बाहेर, उघड्या हवेत, आणि आत फक्त पाण्याचा नळ, यापेक्षा कमी काहीही मान्य करू नये. जी घरे तो आत वापरत आहेत त्यांनी आजच बंद करावा.

शेवटी शासन आणि महापालिकांकडे मागणी. राष्ट्रीय सौर मिशनने २०१० मध्ये सौर संग्राहकांसाठी २०२२ पर्यंत २ कोटी चौरस मीटरचे उद्दिष्ट ठेवले होते. पाणी तापवणाऱ्या सोलरचे केंद्रीय अनुदान २०१४ मध्ये थांबले. आज वीज-पॅनेलना घरगुती ग्राहकासाठी ७८ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते, पाणी तापवणाऱ्या सोलरच्या दुरुस्तीला एक रुपयाही नाही. राज्याने निदान जुने सोलर दुरुस्त करणाऱ्या गृहसंस्थांसाठी छोटी मदत सुरू करावी. व्हॉल्व्ह, फोम आणि सफाईचा खर्च नव्या यंत्रणेच्या तुलनेत किरकोळ असतो.

मुंबई आणि इतर काही क्षेत्रे वगळता राज्यात लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत सोलरची तरतूद आहे. विकासक ती गच्चीवर पूर्ण करतो आणि गरम पाण्याची लाइन अनेकदा एकाच बाथरूमपर्यंत येऊन संपते. भोगवटा प्रमाणपत्र देताना गच्चीवर टाकी आहे का, एवढेच पाहू नये. सर्वांत खालच्या मजल्यावरच्या, सर्वांत दूरच्या नळाला सकाळी सात वाजता थर्मामीटर लावावा, ४५ अंशांचे पाणी येण्याआधी किती लिटर सांडले ते मोजावे आणि नळजोडणीचा नकाशा संस्थेच्या ताब्यात देणे बंधनकारक करावे. पुणे महापालिका सोलर, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत देते. ती देतानाही हीच तपासणी व्हावी. नोव्हेंबरमध्ये थंडी सुरू होण्याआधी गृहसंस्थांनी वर सांगितलेली टाकीची आणि कॉकची तपासणी करून घ्यावी, आणि तिचा निकाल हाती आल्यावरच सोलर उतरवण्याचा ठराव सभेपुढे ठेवावा.

आपले,
गृहसंस्थांच्या गरम पाण्याच्या यंत्रणांची देखभाल करणारे काही तंत्रज्ञ,
पुणे